पांढरे मोजे आणि सांगोल्याची मेंढी

“पिसू ही मानवजातीची आद्य शत्रू आहे. साम्राज्ये बुडाली ती तोफांनी नव्हे, पिसवांनी! सबब प्रत्येक सुज्ञ नागरिकाने...”

एवढे वाचून गंगाधरपंत मोहोळकरांनी कागद मांडीवर ठेवला आणि डाव्या पोटरीवर उजव्या हाताची पाचही बोटे चालवली.

“सबब काय?” भाकरी थापता थापता यशोदाबाईंनी विचारले.

“सबब नागरिकाने घरात पिसू ठेवू नये.”

“मग हे नागरिक काय करताहेत?”

नागरिक आता दुसरी पोटरी खाजवत होते.

तो कागद म्हणजे खात्याचे पत्रक, गंगाधरपंतांनीच लिहिलेले. आरोग्य खात्यात बावीस वर्षे कारकुनी केल्यावर माणसाच्या लेखणीतून साम्राज्ये आपोआप बुडू लागतात. यंदा सोलापुरात दोन पेठांत प्लेगचे उंदीर पडले होते. उंदीर पडले की माणसे पडायला किती दिवस लागतात, हे गावाला पाठ होते. म्हणून नवे साहेब आले, आणि साहेबांबरोबर मोजे आले.

मोजे पांढरेशुभ्र होते, गुडघ्यापर्यंत येणारे. खात्याचा शिपाई तिप्पण्णा ते घालून घरोघर हिंडे. प्रत्येक खोलीत आणि परसात शंभर पावले चाले, मग उजेडात येऊन उभा राही. पांढऱ्यावर काळे ठिपके किती, ते कारकुनाने मोजून कागदावर लिहायचे. पाचाच्या आत असले तर सोडायचे. पाच किंवा जास्त असले, तर त्या जागी बसणारे घरचे जनावर खात्याच्या गाडीत घालायचे. गाडी भरून जाई आणि रिकामी परत येई. ही पद्धत साहेबांची. पाचाचा आकडा मात्र गंगाधरपंतांनी सुचवला होता. साहेबांनी मान हलवली तेव्हा त्यांना फार बरे वाटले होते.

साहेबांना एक सवय होती. बोलता बोलता ते एका बुटाने दुसरी पोटरी घासत. कचेरीत ही गाढ विचाराची खूण समजली जाई. दोघा उमेदवार कारकुनांनी ती उचललीही होती.

आणि आता साहेब स्वतः येणार होते. शनिवारी, दुपारी चार वाजता. “आता खात्याच्या माणसांचीही घरं तपासू. लोकांना उदाहरण हवं,” असे त्यांनी सोमवारी सांगितले, पोटरी घासली आणि गेले.

मोहोळकरांच्या घरी उदाहरणे भरपूर होती. तीन मांजरे, एक शेळी, पंख मोडलेली एक साळुंकी आणि खंड्या. मांजरे आपणहून आली होती. शेळी दुधासाठी आणली होती; ती दूध देत नाही हे कळेपर्यंत तिचे नाव ठेवून झाले होते. साळुंकी मांजरांनीच आणली, आणि यशोदाबाईंनी ती त्यांच्याकडून काढून घेतली.

खंड्याची गोष्ट वेगळी होती. मानमोडीच्या साथीच्या वर्षी सहा वर्षांच्या लीलाने त्याला परकराच्या ओच्यात घालून आणले. “आई, हा दोनच दिवस राहील,” असे ती म्हणाली. पंधरा दिवसांनी लीला गेली. खंड्या दहा वर्षे राहिला. आता त्याला एका डोळ्याने दिसत नव्हते, आणि दुसऱ्याने जे दिसे त्याच्यावर भुंकण्याचा त्याला कंटाळा येई. घरात लीलाचे नाव कोणी काढत नसे. खंड्याला मात्र दिवसातून वीस वेळा हाक मारली जाई.

मंगळवारी गंगाधरपंतांनी आपल्याच पत्रकातले उपाय करून पाहिले. कडुनिंबाचा धूर केला. पिसवा राहिल्या, माणसे अंगणात गेली. बुधवारी राकेल आणि साबणाचे पाणी शिंपडले. त्यावरून शेळी घसरली. गुरुवारी तंबाखूच्या पाण्याने जमीन पुसली. एका मांजराने पाय चाटले, आणि ते दिवसभर भिंतीकडे पाहत तत्त्वचिंतन करीत बसले. संध्याकाळी गंगाधरपंतांनी आपलेच पांढरे धोतर नेसून घरभर शंभर पावले टाकली. ठिपके मोजताना एकोणतीसवर ते थांबले. पुढचे मोजण्याचे धैर्य झाले नाही.

त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. दिवसभर कचेरीतही तीनदा तारीख चुकली होती.

शुक्रवारी सकाळी बाजारात धोंडीराम धनगर भेटला. तो सांगोल्याकडचा, घोंगड्या विकायला यायचा.

“आवं, एवढंच व्हय?” तो म्हणाला. “त्याला मेंढरू लागतंय की! लोकरीला आंगचंच त्याल असतंय. पिसू आत शिरली की शिरली, पाय गुततोय तिचा. आमी मेंढरांच्या वाड्यावर असंच करतो. दीड दिस मेंढरू घरातनं फिरवा. समद्या पिसवा घेऊन भाईर येतंय बगा, जत्रंची गाडी भरल्यागत.”

“आणि मग?”

“मग उद्या दुपारी मी घेऊन जातो. माळावर नेऊन कातरतो. झालं.”

खात्याच्या पत्रकात मेंढीचा उल्लेख नव्हता. तरीही ती घरात आली.

आणि तिने काम केले! स्वयंपाकघर, माजघर, ओटी, सगळीकडून तिला सावकाश फिरवले. यशोदाबाई पुढे भाकरीचा तुकडा धरून चालत. मागून गंगाधरपंत लग्नाच्या वरातीतल्या वरबापासारखे. शनिवारी सकाळी त्यांनी पुन्हा धोतराची परीक्षा घेतली. माजघरात एक ठिपका. स्वयंपाकघरात शून्य. ओटीवर दोन, त्यातला एक शाईचा. गंगाधरपंतांनी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तीन वाजता धोंडीराम आला. त्याने मेंढीला ओढले, तशी ती मटकन खाली बसली. परसात झोपलेला खंड्या उठून ओरडू लागला. धोंडीरामाने खूप जोर केला, शिव्या दिल्या, शेवटी कपाळ पुसले.

“तुमच्या कुत्र्याचा लळा लागलाय हिला. त्याच्याबिगार हालंना. सोमवारी येतो मी.”

“अहो, आज साहेब येणार!”

“मग साहेबाला बगू द्या की. गुणाची हाय.”

तो गेला. तेव्हा कुठे गंगाधरपंतांनी नीट पाहिले. दीड दिवस मेंढी दिवसा घरभर फिरली होती आणि विसाव्याला परसात, खंड्याच्या कुशीला कूस लावून झोपली होती. खंड्या आता मागच्या पायाने कान खाजवत होता. मग पोट. मग पुन्हा कान. घरातल्या पिसवा मेंढीने गोळा केल्या होत्या, आणि मेंढीवर जागा उरली नाही तेव्हा त्या शेजारी राहायला गेल्या होत्या.

घड्याळात साडेतीन झाले होते.

“आंघोळ घालू?” यशोदाबाई म्हणाल्या.

“अर्ध्या तासात? त्याला धरायलाच तेवढा वेळ जाईल.”

“मग थोडा वेळ बसम्माकडे बांधू?”

दोघांनीही परसाच्या बुटक्या भिंतीकडे पाहिले. भिंतीवर एक करवंटी ठेवलेली होती. शेजारच्या बसम्माचे मांजर तिच्यातून दूध प्यायचे. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या घरी मोज्यांवर सात ठिपके आले. गंगाधरपंतांनी सात लिहिले होते. बसम्मा काही बोलली नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. करवंटी मात्र तिने भिंतीवरून काढली नव्हती.

“नको,” यशोदाबाईच म्हणाल्या.

त्यांनी खंड्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

चारला टांगा थांबला. साहेब आले. तिप्पण्णाने ओटीवर बसून मोजे चढवले. गंगाधरपंतांच्या हातात कागद होता. कागदाखाली त्यांनी पाटी धरली होती.

माजघर, एक. स्वयंपाकघर, शून्य. ओटी, एक.

“उत्तम!” साहेब म्हणाले. “याला म्हणतात उदाहरण. काय केलंत?”

“पत्रकाप्रमाणे, साहेब,” गंगाधरपंत म्हणाले. तेवढ्यात परसातून मेंढी ओरडली.

साहेबांनी मागचे दार उघडले. मेंढी, कुत्रा आणि त्यांच्यामध्ये भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या यशोदाबाई त्यांना दिसल्या. भिंतीपलीकडे बसम्मा वाळवणावर वाकली होती. त्याच्याशी तिचे काहीच काम नसावे, कारण हात एकाच जागी थांबले होते.

“ही मेंढी?”

गंगाधरपंतांनी सगळे सांगितले. खोटे बोलायला लागणारा दम त्यांच्यात उरला नव्हता. साहेबांनी ऐकले आणि बुटाने पोटरी घासली. “हं. तिप्पण्णा, परसात चाल.”

तिप्पण्णा चालला. खंड्याच्या बाजूने जाताना तो शक्य तितका लांबून गेला. मग उजेडात येऊन उभा राहिला, आपल्याच पायांकडे पाहिले आणि घाईघाईने म्हणाला, “तीन हायत, साहेब. तीनच.”

साहेब साळुंकीकडे पाहत होते. त्यांनी विचारले, “मोहोळकर, किती?”

गंगाधरपंत खाली वाकले. तिप्पण्णा वरून पुटपुटला, “लिवा की तीन. कोन बगतंय?”

बघत होते तसे दोघे. यशोदाबाई बघत होत्या, आणि भिंतीपलीकडून बसम्मा. बसम्माच्या डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते. तिथे नुसती वाट पाहणे होते, एखादा हिशेब जुळतो की नाही हे पाहावे तसे.

गंगाधरपंतांनी मोजले. पुन्हा मोजले. मग पाटीवर कागद सरळ करून लिहिले: परस, नऊ. जनावर: कुत्रा एक, नाव खंड्या.

रकान्यात नाव लिहायची पद्धत नव्हती. ते का लिहिले, हे त्यांनाही सांगता आले नसते.

“किती लिवलं?” बसम्माने विचारले. तीन आठवड्यांतला तिचा पहिला शब्द.

“नऊ.”

“आमच्या मांजराला सात व्हत्या,” ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला, भिंतीवरची करवंटी उचलली, पदराने पुसली आणि अलीकडे यशोदाबाईंसमोर धरली. “घ्या ओ बाई. पानी पाजा कुत्र्याला. घसा सुकलाय त्येचा.”

यशोदाबाईंनी करवंटी घेतली. खंड्या प्यायला लागला. त्याच्या जिभेचा चळकचळक आवाज तेवढा परसात होता.

साहेबांनी कागद वाचला, चौघडी घातली आणि खिशात ठेवला. “नियम तो नियम,” ते म्हणाले. “सोमवारी गाडी येईल.” तिप्पण्णाने मान खाली घालून मोजे काढले. टांगा निघाला.

पन्नास पावलांवर तो थांबला. साहेब एकटेच उतरले आणि परत आले. छडी विसरली असावी असे गंगाधरपंतांना वाटले, पण छडी त्यांच्या हातातच होती. साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. एका बुटाने दुसरी पोटरी घासली. मग दुसऱ्याने पहिली. मग छडीचे टोक बुटाच्या आत खुपसून त्यांनी बराच वेळ, डोळे मिटून, गाढ विचार केला.

“मोहोळकर,” ते हळूच म्हणाले, “आमच्या बंगल्यावर दोन कुत्री आहेत. घरात कोणाला महिनाभर झोप नाही.” त्यांनी खिशातला कागद काढला, तो इकडेतिकडे फिरवला आणि गंगाधरपंतांच्या हातात परत दिला. “ती मेंढी दोन दिवस पाठवाल का? आणि कुत्र्याशिवाय येत नसेल, तर तोही येऊ द्या. फक्त... मागच्या दाराने.”