चौथी स्प्रिंग

माझे कान चांगले आहेत. डॉक्टरांनी दोनदा तपासले. "काका, या वयात असे कान म्हणजे नशीबच," म्हणाले. मी म्हटलं, "मग दुपारी तीन वाजता शेडमधून जे ऐकू येतं, ते काय?" त्यांनी चष्मा पुसला आणि झोपेची गोळी लिहून दिली. दुखणं दुपारचं आणि गोळी रात्रीची! असल्या शहाण्यांपुढे काय डोकं फोडायचं?

ऐकू येतं ते एवढंच. कुणीतरी मोजतंय. एक... दोन... तीन... घाई नाही, मध्ये पाना एकदा फिरेल एवढा वेळ. अकरापर्यंत येतं आणि थांबतं. बारा येईल म्हणून मी खाटेवर श्वास धरून पडून राहतो. बारा येत नाही. आवाज माझ्या मुलाचा आहे, आणि त्याला जाऊन वर्ष झालं.

मी त्याला हिरो म्हणायचो. कौतुकाने नाही, चिडवायला. अर्धा तास केसांना आणि दोन तास गाडीला, असा त्याचा रविवार. गाडी कुणीतरी वापरून कंटाळलेली, पांढरी, छोटी. पण त्याला ती खाली बसवायची होती. म्हणजे चारही चाकांवरच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड, कडक स्प्रिंगा घालायच्या. गाडी चार बोटं खाली येते. मी म्हटलं, "गाडीने कुत्र्यासारखं जमीन हुंगत फिरायचं, यात शोभा कसली रे?"

"बाबा, तुम्ही हात लावलात तर एका रविवारचं काम आहे."

"मी हात लावणार नाही, आणि तूही लावायचा नाहीस. ज्यांनी गाडी बनवली ते काय गवत उपटत होते?"

तो हसला. तेच मला लागलं. मी अडतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात फिटर होतो. माझ्यासमोर साहेब लोक आवाज खाली ठेवायचे, आणि हा हसतो! आठवड्याने खोकं आलं. आत चार लालभडक स्प्रिंगा. त्याच संध्याकाळी मी घोडे लपवले.

घोडे म्हणजे लोखंडी स्टँड. गाडी जॅकवर उचलली की तिच्या पोटाखाली लावायचे. जॅक दगा देतो, घोडा देत नाही. आमच्याकडे दोन होते, मी स्वतः वेल्डिंग करून बनवलेले. "जॅक उचलायला, घोडा धरायला. घोड्याशिवाय गाडीखाली जायचं नाही," हे मी त्याला तो दहा वर्षांचा असताना पढवलं होतं. म्हणून मला वाटलं, घोडे नसले की काम अडेल. काम अडलं की माझ्याकडे येईल. मग मी दोन शब्द सुनावीन, घोडे देईन, आणि मुकाट्याने शेजारी बसून हातही लावीन. गादीच्या जुन्या खोळीत गुंडाळून मी ते माळ्यावर सारले.

तो आला नाही. पहिल्या रविवारी पुढची दोन चाकं त्याने बाहेर बसून, हात आत घालून उरकली. दुसऱ्या रविवारी मागचं उजवं. मी खिडकीतून बघत होतो आणि जळत होतो. काम सुंदर करत होता, मेला. अजून एकदाही त्याने घोड्यांचं नाव काढलं नव्हतं. मीही मूग गिळून बसलो.

तिसऱ्या रविवारी मागच्या डाव्या चाकाचा बोल्ट गंजलेला निघाला. बाहेरून जोर लागेना. तो खाली शिरला असणार. दुपारी तीनच्या सुमारास मी खाटेवर पडलो होतो, आणि मोजणं ऐकू येऊ लागलं.

हे मोजणंही माझंच. कारखान्यात मोठ्या पंपाच्या पोटात माणूस उतरायचा तेव्हा तो बाहेरच्याला दिसायचा नाही. म्हणून आतल्याने पान्याचा प्रत्येक फेरा मोठ्याने मोजायचा. मोजतोय म्हणजे ठीक आहे. मोजणं थांबलं की बाहेरच्याने हातातलं टाकून धावायचं. आमच्यात हा कायदाच होता. पोराला शिकवला तेव्हा त्याला तो खेळ वाटायचा. शाळेत जाताना बुटांची नाडीसुद्धा मोजून बांधायचा, गाढव.

त्या दिवशी तो नेहमीपेक्षा मोठ्याने मोजत होता. मला वाटलं, मला खिजवतोय. बघा, तुमच्याशिवाय चाललंय. नऊ. दहा. अकरा. मग काहीतरी आपटलं. मी काय म्हटलं, सांगतो. मी म्हटलं, "आपटू दे. जिरेल मस्ती." आणि कूस बदलली. मोजणं थांबलं होतं, आणि मी, ज्याने कायदा शिकवला तो, बाराची वाट बघत पडून राहिलो. सून किंचाळली तेव्हा उठलो.

गाडी शेजाऱ्यांनी हातांनी उचलली. गल्लीतल्या मेकॅनिकने त्या कोपऱ्यात जुनीच स्प्रिंग ठेवली, चाक चढवून दिलं, आणि तो पुन्हा त्या गाडीकडे फिरकला नाही. तेव्हापासून ती शेडमध्ये तशीच उभी होती. तीन कोपरे खाली, चौथा वर, खांदा उडवून उभ्या असलेल्या माणसासारखी. जॅक मी नंतर तपासला. तीन दिवस वजन ठेवून पाहिलं, सूतभर उतरला नाही. सरकला, एवढंच सगळे म्हणाले. "घोडे नव्हते का?" असं एकाने विचारलं. मी पाणी प्यायला आत गेलो.

सून दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. तिने आईकडे जायचं ठरवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. ती राहिली. माझ्या गोळ्या मोजून ठेवते, मी टाळल्या तर डोळे वटारते, भाजीत मीठ जास्त झालं तर "तुमच्या जिभेला वेल्डिंग केलंय, कळणार नाही" म्हणते. या घरात मला बाबा म्हणणारं आता तिच्याशिवाय कुणी नाही. मी दुसऱ्या कशालाही घाबरत नाही. पण तिने तोंड फिरवलं असतं तर मी संपलो असतो.

महिन्यापूर्वी तिला दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली. म्हणाली, "बाबा, गाडी मी घेऊन जाणार."

"विकून टाक."

"नाही. आणि वाकडी नेणार नाही. त्याची चौथी स्प्रिंग घालून द्या."

"तीन काढून जुन्या घालतो. सरळ होईल."

"त्याने केलेलं काही उलटं फिरवायचं नाही," ती म्हणाली. विषय संपला.

मग माझी नाटकं सुरू झाली. आज कंबर धरली. आज पाना सापडत नाही. डोळे बांधले तरी हाताला पाना सापडणारा माणूस मी! ती नुसती बघायची. खरी अडचण माळ्यावर होती. घोडे खाली आणले की ती विचारणार, हे होते कुठे? त्या दिवशी का नव्हते? नवे विकत आणावेत तरी प्रश्न तोच. आणि घोड्यांशिवाय त्या गाडीखाली जायला माझा जीव धजत नव्हता. दिवस सरत गेले आणि तिची जायची तारीख परवावर आली.

शनिवारी दुपारी मी खाटेवर होतो. तीन वाजले. शेडमधून सुरू झालं, एक... दोन... मी डोळे मिटले. रोजचंच. तीन... चार... पाच म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आवाज बाईचा होता.

सून! पोरगी गाडी उचलून खाली शिरली होती. तिला मोजायचं त्याने शिकवलं असणार. मी ताडकन उठलो. सहा. मला फक्त एवढं माहीत होतं की हिचे अकरा व्हायच्या आत घोडे लागले पाहिजेत. मी स्टुलावर चढलो. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं होतं, कुणास ठाऊक. सात. माळ्यावरची पेटी ढकलली, खोळ ओढली, घोडे डोक्यावर येता येता वाचले. आठ. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, स्टूल मागे पालथं. नऊ मला अंगणात ऐकू आले. दहा शेडच्या दारात.

"अकरा," ती म्हणाली, आणि थांबली.

ती गाडीखाली नव्हती. त्या चौथ्या चाकाशेजारी पालथ्या बादलीवर बसली होती. चाक जागेवर, जॅक भिंतीला टेकलेला. मांडीवर पाना, आणि तिने तो फिरवलाही नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"आणलेत," ती म्हणाली.

मी घोडे खाली ठेवले. ठेवले काय, ते हातातून गळले. "पोरी, हे मी..." एवढंच आलं तोंडातून.

"माळ्यावर होते. खोळीत. मला माहितीये बाबा."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. त्यालाही माहीत होतं. पहिल्याच दिवशी शोधून काढले त्याने. एका खोळीतून लोखंडी पाय बाहेर दिसतायत म्हणून हसत खाली आला. मी म्हटलं, मग काढ ना. तर म्हणे, नाही. बाबांनी ठेवलेत, बाबांनीच खाली आणायचे."

मी दाराची चौकट धरली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ माझा आणि पीळ त्याच्यात उतरलेला.

"त्या दिवशी खाली जाताना मी त्याला अडवलं," ती म्हणाली. "म्हटलं, घोडे आणते मी. तो म्हणाला, थांब, गंमत बघ. मी मोठ्याने मोजतो. बाबा जागेच असतात. मी एकटा खाली मोजतोय हे त्यांना ऐकवणार नाही. दहा व्हायच्या आत घोडे घेऊन येतील, पैज लाव. आणि मी पैज लावली बाबा. मी हसले. मी काढू शकले असते, आणि म्हटलं, बाप-लेकाच्या मध्ये कशाला पडा."

तो मला खिजवत नव्हता. मला हाक मारत होता. रोज दुपारी तीन वाजता मारत होता, आणि मी डॉक्टरांना कान दाखवत फिरत होतो.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशीही. सगळं. अकरापर्यंत. आपटलं तेही. मी उठलो नाही." वर्षभर जे घशात अडकलं होतं ते असं बाहेर आलं, आणि मी तिथे फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो. मला लाज वाटली नाही.

तिनेही डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "मी वर्षभर वाट बघितली तुम्ही बोलाल म्हणून. परवा मी जाणार. मग हे तुम्ही कुणाला सांगितलं असतं? म्हणून मोजलं. दुष्टपणा केला, माहितीये मला."

"मला माफ..."

"ते नका म्हणू. मला कोण करणार? उठा. उजेड आहे तोवर उरकू."

मग आम्ही ते केलं. जॅकने गाडी उचलली. दोन्ही घोडे लावले, मी स्वतः गाडीला धक्के देऊन पाहिले. चाक काढलं आणि मी खाली शिरलो. जिथे तो होता तिथेच. फरशी गार होती. वर तेल आणि गंजाचा वास, आणि तोच बोल्ट. तिने टॉर्च बोल्टवर धरला.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजलं. अकरा म्हटलं आणि तिथेच अडलो. पाना हातात, आणि पुढचा आकडा तोंडात येईना. गाडी माझ्या छातीवर वीतभर उंचीवर शांत उभी होती.

बाहेरून ती म्हणाली, "बाबा, थांबलात. मी आत येतेय हं."

"बारा," मी म्हटलं. तेरा. चौदा. बोल्ट निघाला. जुनी स्प्रिंग बाहेर, लाल स्प्रिंग आत. बोल्ट हाताने लावला, चाक चढवलं, घोडे काढून गाडी जमिनीवर उतरवली, आणि तिचा भार चाकावर आल्यावर शेवटचा आवळ दिला. लटकत्या चाकावर आवळायचं नसतं, नाहीतर आतलं रबर पिळवटतं. हे त्याने बाकीच्या तिन्ही चाकांना बरोबर केलं होतं. मी हात लावून बघितलं. गाडी चारही बाजूंनी सारखी बसली, खाली, जमिनीजवळ. छान दिसत होती, हे कबूल करायलाच हवं.

सोमवारी सून गेली. संध्याकाळी फोन आला, "पोचले. गाडी सरळ पळते. गोळी घेतलीत का?" आता रोज येतो.

शेड रिकामी आहे. तीन वाजता मोजणं अजूनही सुरू होतं. पण मी आता पडून राहत नाही. घोडे खाटेखालीच ठेवलेत. एक ऐकू आला की उठतो, दोन्ही उचलतो आणि अंगण ओलांडून जातो. गुडघे कुरकुरतात, पण अकराच्या आत पोचतो. आजवर एकदाही उशीर झालेला नाही.