साडेबाराची होडी

“बोललाचालला माफ कर हां, पोरी. चालले मी मक्केला.”

इस्मतबीनं दारात उभ्या उभ्याच समोरच्या शबनमचे हात हातात घेतले. जेद्दाच्या अल अझीझियातली ही इमारत पाच मजल्यांची. गेल्या दोन दिवसांत म्हातारीनं तिच्यातला एकही दरवाजा सोडला नव्हता. उमऱ्याच्या यात्रेला निघायचं तर आधी सगळ्यांकडून माफी मागून घ्यायची, ही तिच्या गावची रीत. गावात ओळख तरी असते. इथे आठवडाभरापूर्वी मुलाकडे आलेल्या बाईनं कुणाला काय दुखावलं असणार? पण ऐकेल तर शपथ. खालच्या बांगलादेशी वॉचमनपुढे तिनं ठेवणीतल्या कोकणीत हात जोडले, तेव्हा तो बिचारा घाबरून “नो प्रॉब्लेम मम्मा, नो प्रॉब्लेम” म्हणत जागचा उठला होता.

“तुम्ही कुणाचं काय वाईट केलंय, खाला?” शबनम म्हणाली.

“माणूस हाय, जीब हाय. निसटता कायतरी.” मग नेहमीप्रमाणे गाडी मुलावर आलीच. “माजा मुनाफ बग. बाप मेला तवा चीनमदी ड्युटीवर होता. कारखान्यात फोन पन नेऊ देत नाय. आमच्या गावात आजून बोलतात, नोकरी करावी तर हुसेनमियाँच्या मुनाफसारी.”

आतल्या खोलीत मुनाफ आईच्या पिशवीत जानमाज, नमाजाची चटई, ठेवत होता. त्याचा हात थांबला. हे वाक्य त्यानं तीन वर्षांत फोनवर कितीदा तरी ऐकलं होतं. फोनवर निदान तोंड फिरवता येतं.

मुनाफ पंपाचा मेकॅनिक. समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी आत ओढणारे मोठे पंप असतात, त्यांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं. चालत्या पंपावर तळहात ठेवला की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते त्याला कळायचं. एवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. राहण्याच्या परवान्याचा इकामा वेळेवर, घरी पैसे वेळेवर, तीन-चार वर्षांनी सुट्टी. सरळ नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसाला खोटं बोलायची सवय नसते, म्हणून एकच बोललेलं खोटं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

इस्मतबी भिंतीला धरत आत आली आणि पलंगावर टेकली. गुडघे दोन्ही गेलेले. तबस्सुम, मुनाफची बायको, स्वयंपाकघरात वाटेसाठी घावणे बांधत होती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर निघायचं होतं.

“बस हतं, माज्या बाजूला,” इस्मतबी म्हणाली. “आता तूच ऱ्हायलास. आय झाली तरी बोलते, चुकते. माफ कर मना.”

मुनाफनं नुसतं “केलं” म्हणून आपली माफी मागायची, एवढंच. सगळे तेच करतात. त्यानं तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“आय, थांब. मला आधी तुला काहीतरी सांगायचंय. बावा गेले त्या दिवशी मी ड्युटीवर नव्हतो.”

स्वयंपाकघरातला कागदाचा आवाज बंद झाला.

“मग खंय होतास?”

“फिरत होतो.”

आणि मग त्यानं तो दिवस सांगितला. तीन वर्षं मनात घडी घालून ठेवलेला. सांगताना तो सारखा अडखळत होता. पण तो दिवस होता असा.

कंपनीनं पाच नवे पंप चीनमधून मागवले होते. कारखान्यातच त्यांची चाचणी पाहून सही करायची होती. इंजिनियरचा व्हिसा अडकला, म्हणून मुनाफ गेला. गाव सूझौ. पोचल्यावर कारखान्याची लिन नावाची दुभाषी मुलगी म्हणाली, मोटर अजून आलेली नाही, चाचणी उद्या. आज तुम्ही आराम करा. मुनाफला आराम कसा करतात ते माहीत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालेना, गावी भावाकडे, अरीबकडे, हॉटेलचा नंबर देऊन ठेवलेला. बावांना ताप होता, पण ताप त्यांना दर पावसाळ्यानंतर यायचाच. खोलीत तासभर बसला आणि साडेनऊला, जरा पाय मोकळे करू, म्हणून खाली उतरला.

दोन वळणं घेतली आणि रस्त्याच्या जागी पाणी आलं.

दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची बुटकी घरं, आणि मधून हिरवं, संथ पाणी. घरांच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. एक म्हातारा शेवटच्या पायरीवर बसून फडकं धूत होता. थोडं पुढे पाठीची कमान करून उभा असलेला पूल, त्याची सावली खाली पाण्यात, आणि दोन्ही मिळून एक पुरा गोल. मुनाफ त्या पुलावर किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाही आठवत नाही. जेद्दात समुद्र होता, पण तो पंपाच्या तोंडाशी भेटायचा, जाळीतून, दणदणत. इतकं गप्प पाणी त्यानं गाव सोडल्यावर पाहिलं नव्हतं.

कुठलीशी झाडं फुलली होती. फूल दिसत नव्हतं, नुसता गोड वास गल्लीगल्लीत भरलेला. तो वासामागून चालत राहिला. एका दारात तीन बाया घमेल्याभोवती बसून, नखांना धातूच्या टोप्या लावून, पाण्यात होणारं कसलंसं बी सोलत होत्या, अगदी आपल्याकडे ओले काजूगर सोलतात तसं, आणि तशाच कुणाची तरी चहाडी करत. भाषा कळत नव्हती, चहाडी कळत होती. त्यातल्या एकीनं त्याच्या हातावर चार पांढरे दाणे ठेवले. बेचव आणि गार. पुढे एका खानावळीच्या पाटीवर अरबीत हलाल लिहिलेलं दिसलं. मालकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. त्यानं सलाम केला, मुनाफनं उत्तर दिलं आणि दोघांचीही भाषा तिथेच खलास झाली. मालकानं शेवयांचा वाफाळता वाडगा पुढे ठेवला आणि तो खाईपर्यंत समोर हसत बसून राहिला.

उन्हं कौलांवर चढली. पाणी, पूल, पुन्हा पाणी. कुठे निघालोय हे माहीत नाही, कुणाला सांगायचं नाही, कुणी वाट बघत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुनाफला पहिल्यांदा असं वाटलं, की आपण एखाद्या झोपलेल्या माणसाच्या स्वप्नात शिरलोय आणि त्याला उठवायचं नाहीये.

एका घाटावर होडी होती. चालवणारी बाई साठीची, डोक्याला निळा रुमाल. बाकी कुणी गिऱ्हाईक नव्हतं. मुनाफ एकटाच बसला.

“बाई?” इस्मतबीनं मधेच विचारलं. “बाई वल्हवत होती?”

“हो. मागे उभी राहून. एकच लांब वल्हं, आणि ते पाण्यातून काढतच नव्हती.”

“काडत नाय? मग होडी सरते कशी?”

“आतल्या आत फिरवायचं. माशाचं शेपूट हलतं ना, तसं.”

इस्मतबीनं मान तिरकी केली. हुसेनमियाँनी खाडीवर चौतीस वर्षं होडी चालवली होती, ह्या काठावरची माणसं त्या काठाला. ते जेवायला बसले की ती वल्ही इस्मतबीच्या हातात असायची. मग पूल झाला, एसटी पुलावरून जाऊ लागली आणि होडी माडाच्या सावलीत पालथी पडली. तेव्हा मुनाफ सौदीला निघाला होता. बावा त्याला एवढंच म्हणाले होते, “आता वल्ह्याला कुनाचा हात नाय लागनार.”

“मी त्या बाईकडे बघत होतो तर तिला काय वाटलं कुणास ठाऊक,” मुनाफ सांगू लागला. “खुणेनं म्हणाली, ये. मी उठलो. पहिल्यांदा होडी गोल फिरली. ती हसली, खूप हसली. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. मग जमलं, आय. दोन पुलांखालून मी नेली. पुलाखाली गेलं की अंधार, गारवा, आणि पाण्याचा उजेड वर दगडांवर हलत असायचा. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. निकाहाच्या दिवशीसुद्धा नाही.”

स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं गेलं. मुनाफ तसाच पुढे बोलत राहिला, कारण खरी गोष्ट आता होती.

त्यानं इकाम्याच्या पाकिटातून एक चिठ्ठी काढली. घड्यांवर विरलेली. संध्याकाळी सातला तो हॉटेलात परतला, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं ती त्याला दिली होती. तिच्यावर लिहिलेलं, फोन, इंडिया, आणि खाली तीन वेळा. नऊ पन्नास. अकरा. बारा तीस. शेजारी लिन उभी होती, जेद्दाच्या ऑफिसातून तिलाही फोन आला होता. तिनं बराच वेळ इंग्रजी शब्द शोधला आणि शेवटी नुसतं “फादर” म्हणाली. तिकडे गावात तोवर लोक मातीला निघाले होते.

“फोन लावला तर अरीब ओरडला, कुठे होतास दिवसभर? आणि माझ्या तोंडून निघालं, कारखान्यात. ड्युटीवर. फोन बाहेर ठेवून घेतात.” मुनाफनं तळहात पुढे केला. “हाताला वल्ह्याचा फोड आला होता. इथे आल्यावर तबस्सुमला सांगितलं, नट आवळताना पान्यानं आला. मी खोलीत असतो तर बावांचा आवाज कानावर पडला असता. त्यांनी मला बोलावलं असेल. आणि मी मजा मारत होतो, आय. तू गावभर माझं कौतुक करत फिरतेस. मक्केला जाऊन माझ्यासाठी दुवा मागशील, ती कुठल्या मुनाफसाठी?”

तबस्सुम दारात येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

इस्मतबीनं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्यो कितीचा?”

“साडेबाराचा. शेवटचा.”

“तवा तू खंय होतास? खरा सांग.”

“होडीत. साडेबारालाच. पुलाखालून बाहेर आलो तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं, जोहरच्या नमाजाची वेळ झाली का ते बघायला.”

“वल्हा कुनाच्या हातात होता?”

“माझ्या.”

“आपल्या घराकडं तवा किती वाजलं असतील?”

“दहा.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीवाल्याला यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होतं. तिनं पदराचं टोक आधी चिठ्ठीवरून फिरवलं, मग तोंडावरून.

“तुज्या बावानं तुना नाय बोलावलान,” ती हळू म्हणाली. “उगाच जिवाला लावून घेऊ नको. ते खाडीवर होते. सकाळधरना येकच धोसरा. भरती लागली काय? माणसा खोळंबलीत, होडी सोडा. उटू बगत होते. मी धरते, अरीब धरतो, ऐकत नाय. होडी खंयची? ती तर चुलीत गेली कवाच. दहाला श्वास वर लागला तरी तोच घोर. त्यांची नजर बगवत नव्हती मना. मग मी बोलले...”

तिनं चिठ्ठी मांडीवर ठेवली.

“मी बोलले, तुमी निजा. मुनाफ गेलाय होडी घेऊन. माणसा पोचतील. तवा कुटं त्यांनी मान टाकली. तसंच गेले.”

मुनाफ तिच्याजवळ सरकला.

“मरणाऱ्या माणसाशी खोटा बोलले मी. तीन वर्सा झाली. मौलवींना पन सांगितला नाय. ह्या बिल्डिंगीत दारोदार माफी मागत फिरते, ती काय ह्या लोकांची? ज्यांची मागायची ते खाली मातीत. काब्याम्होरं उबी ऱ्हाऊन काय तोंडानं मागू, हाच घोर होता मना.”

तिनं चिठ्ठीची घडी घातली, होती त्याच घड्यांवर, आणि आपल्या कमरेच्या बटव्यात ठेवली. मुनाफनं ती परत मागितली नाही.

“म्हंजे मी खोटा नाय बोलले,” ती म्हणाली, मुलाला नव्हे, कुणाला तरी दुसऱ्यालाच. मग तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला, तळवा उताणा केला आणि फोडाची जागा शोधू लागली. तिथे आता काही नव्हतं. पान्यानं घट्टे पडलेला मेकॅनिकचा हात, बस्स.

“माफ केलंस ना, आय?” त्यानं विचारलं.

“केला. तू पन कर.”

“केलं.”

तबस्सुमनं डोळे पुसले आणि घावण्यांचा पुडा पिशवीत कोंबला. “निकाहाच्या दिवसाचं मी काही माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “ते आल्यावर बघू.”

असर झाल्यावर ते निघाले. गाडी शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना कोरडे, तपकिरी डोंगर सुरू झाले. पाण्याचा कुठे थेंब नाही. तबस्सुम पुढे बसली होती. मुनाफनं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर पांढऱ्या ओढणीतली आई ओठांतल्या ओठांत लब्बैक, मी हजर आहे, म्हणत असेल, असं त्याला वाटलं होतं. पण तिचे डोळे मिटलेले होते, ओठही. तिनं दोन्ही मुठी छातीशी एकावर एक धरल्या होत्या, लांब दांडा धरावा तशा, आणि त्या हळूहळू इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होती, पाण्यातून न काढता.

मुनाफनं गाडीचा वेग थोडा कमी केला.