सगळ्यांना एकच मजकूर

संगीतकाराने पाचपर्यंतची मुदत दिली होती आणि चार वाजत आले तरी तिच्या कागदावर धड दोन ओळी नव्हत्या. खुर्चीत बसलं की पाय वळवळत, उठलं की सुचलेलं विसरे. चहा दोनदा उतू गेला.

गाणं हवं होतं आजकालच्या डेटिंगवर. बोट सरकवलं की माणूस हजर, पुन्हा सरकवलं की गायब. माहिती हवी म्हणून तिने आठवडाभर तसल्या एका ॲपवर खातं उघडलं होतं. फोटो टाकला तो तोंडापुढे कप धरलेला. तरी एकाने लिहिलं, 'तुमचं हसू बघून दिवस सार्थकी लागला.' दुसऱ्या दिवशी त्यानेच पुन्हा तेच लिहिलं. तिला आयतंच खाद्य मिळालं. असल्यांची मनसोक्त टर उडवणारा मुखडा तिने सकाळी पाठवूनही दिला होता.

"टाळ्या मिळतील," संगीतकार फोनवर म्हणाला होता, "पण गुणगुणणार कोण? गच्चीत उभी राहून लोकांना हसतेयस, बाई. खाली उतर जरा. नाहीतर पाचनंतर दुसऱ्याकडून लिहून घेतो. राग मानू नकोस."

"मानला," असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

वडील गेल्यानंतरच्या चार महिन्यांतलं हे पहिलंच काम. हेही हातचं गेलं तर पुन्हा लिहिणं जमायचं नाही, या धास्तीने ती घरभर फिरत होती. वडिलांच्या चष्म्याचं घर तिने टेबलावरून खिडकीत ठेवलं, खिडकीतून परत टेबलावर.

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"कामात आहेस का गं?"

"बोल ना."

"काही नाही, फोनमधलं जुनं साफ करत होते. तुझा तो मेसेज ठेवू की पुसू?"

"कुठला?"

आत्याने सावकाश वाचला. "'आमच्या वडिलांच्या निधनानंतर आपण दिलेल्या आधाराबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याकडे त्यांच्या काही आठवणी असतील, तर जरूर कळवाव्यात.'"

ती भिंतीला टेकली. वडील गेले त्या आठवड्यात हा एकच मजकूर तिने दीडशे जणांना चिकटवला होता. ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांना, आणि वडिलांच्या सख्ख्या बहिणीलाही.

"आत्या, अगं... सगळ्यांना तेच गेलं."

"ते कळलं मला. एवढी काही खुळी नाही मी." आत्या हसली, मग थांबली. "पण मी लिहून ठेवल्या होत्या. दोन पानं झाली. म्हटलं, पोरीने मागितल्यात. मग तू काही विचारलंच नाहीस."



"आहेत ती पानं?"

"आहेत की. कपाटात."

"आण. वाच मला."

"आत्ता? आणि तुझं काम?"

"तू आण तर."

आत्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग लांब जाणाऱ्या चपलांचा. तेवढ्या वेळात तिने उभ्याउभ्याच लिहिलं:

एकच ओळ शंभर दारी टाकून आले मी,
एका दारी कुणी खरंच वाट पाहत होतं.

कागदाचा फोटो काढून तिने संगीतकाराला पाठवला.

आत्या परत आली. पहिलं पान संपता संपता संगीतकाराचं उत्तर आलं: 'उतरलीस. पुढचं दे.' तिने ते पाहिलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. "थांब, चष्मा पुसते," आत्या मध्येच म्हणाली, आणि ओळ हरवली म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भाचीने तिला अडवलं नाही. ती खुर्चीत बसली.