डावीकडची जागा

काजवाल्या काकूंनी माझ्या दुकानातून एक बिजागरी चोरली. जोडी नव्हे, एक. आता एका बिजागरीतून माणसाला काय मिळणार? तिच्यावर दार बसत नाही, खिडकी बसत नाही, मोडीत घालायला जावं तर भंगारवालासुद्धा हसेल. गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघण्यात माझा जन्म गेला. खिळे मोजून घेणारा कोण आणि मोजता मोजता एक जास्त उचलणारा कोण, हे मला तोंडापेक्षा बोटांवरून लवकर कळतं. चोर फायद्यासाठी चोरतो. जिच्यात फायदा शोधून सापडत नाही, ती चोरी नसते, दुसरंच काहीतरी असतं.

शिवाय चोरण्याची तऱ्हा बघा. काकूंनी बिजागरी उचलली, मी बघतोय ना याची खात्री करून घेतली आणि मगच ती पिशवीत टाकली. मी मान वळवली. शिंप्यांकडची काजंबटणं करून करून बोटं वाकडी झालेली बाई. त्या कामावर दोन मुलगे वाढवले आणि दोघांनाही मातीत ठेवलं. म्हटलं, जाऊ दे. तर काकू दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"पाहिलंत ना?"

"काय?"

"मी उचलली ते."

"असू दे हो काकू."

"असू दे काय? ओरडा की. चोर म्हणा मला."

मी स्टूल पुढे केलं. चष्मा पुसत पुसत काकूंनी जे सांगितलं त्यावरून कळलं की बिजागरी ही काही सुरुवात नव्हती. चहावाल्याचा चमचा झाला होता, शेजारणीच्या दोरीवरचे चिमटे झाले होते. चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांच्या तोंडावर खोटं सांगून झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा रविवारची उपासना धडधडीत बुडवली होती. अंतिम न्यायाच्या दिवशी सगळ्या मेलेल्यांना उठवून उभं करतील, तारलेली मेंढरं उजवीकडे आणि शिक्षेची शेरडं डावीकडे, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

"माझा धाकटा डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा निकाल लागलाय. त्याला गर्दीची भीती वाटते हो. शाळेतसुद्धा बाकाच्या कडेला बसायचा. तिथे कोणी ओळखीचं नको का त्याच्याजवळ?"

"आणि थोरला?"

"तो उजवीकडे. त्याला त्याचे बाबा आहेत." मग जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "तुम्ही हिशोबातले. आयुष्यभराची उपासना एका पारड्यात असली, तर दुसरं पारडं खाली जायला असे किती चमचे लागतील?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"धाकट्याचं बाकी एकाच गोष्टीत काम झालं," त्या हळूच म्हणाल्या, पिशवी घेतली आणि गेल्या.

धाकट्याने आदल्या वर्षी स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं होतं. काकूंचं चमच्यांचं गणित कुठे निघालं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आता हा निकाल लावला कोणी, तेही सांगतो.

चर्चला लागून एक सभागृह आहे. एरवी तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि उरलेल्यांवर डुलक्या. पण त्या महिन्यात शाळेतून बाकं आणून टाकावी लागली, पायऱ्यांवर माणसं बसली, खिडक्यांतून मुंडकी आली. आत एक पाहुणे प्रचारक होते. साईच्या रंगाचा सूट, विमा विकणाऱ्यासारखा मऊ आवाज. स्वतःला ते 'न्यायाचा निरोप्या' म्हणवून घेत. आम्ही त्यांचं नाव ठेवलं निकालवाले. न्यायाचा दिवस यायचा तेव्हा येईल, पण तुमच्या माणसाचा निकाल काय लागणार ते आजच कळेल, असा त्यांचा माल होता.

रीत सोपी होती. निकालवाले आपल्या बॅगेतून एक पांढरा रुमाल काढून द्यायचे. तो मृताच्या फोटोखाली रात्रभर सभागृहात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी निकालवाले त्याच्यावर सुरईतून 'साक्षीचं पाणी' शिंपडायचे, की रुमाल डोळ्यांदेखत लाल. सभागृह श्वास रोखायचं.

"घाबरायचं नाही," निकालवाले म्हणायचे. "मेलेला माणूस बोलत नाही, त्याचं कापड बोलतं. हा खालच्या कोर्टाचा निकाल झाला. वरचं कोर्ट अजून उघडं आहे. अपील करा. रुमाल ओठांजवळ धरा आणि प्रार्थना करा."

हे ऐकून वाटावं की स्वारी स्वर्गाच्या कोर्टात पेशकार म्हणून नोकरीला होती आणि रजेवर आली आहे. पण घरचे प्रार्थना करायचे आणि लाली ओसरत ओसरत रुमाल खरोखर पांढरा व्हायचा. मग रडणं, मिठ्या, दारातल्या पेटीत दान. रुमाल घरी नेऊन लोकांनी चौकटीत बसवले. चौकटींचे हूक माझ्याच दुकानातून गेले, त्यामुळे धंद्याची तक्रार मी करू नये.

एक गोष्ट मात्र खटकत होती. पाप लाल असतं असं ऐकलं होतं, हे चक्क राणी रंगाचं होतं. आणि दुसरी गोष्ट, सगळेच सुटत होते. दुधात आयुष्यभर पाणी घातलेला दूधवाला बायकोच्या एका प्रार्थनेत पांढरा झाला, त्याच्या दुधापेक्षा पांढरा. लोक कुजबुजू लागले, हाही सुटला म्हणजे कमाल आहे. निकालवाल्यांनी ती कुजबुज ऐकली असणार. ज्या शाळेत सगळेच पास होतात तिच्या निकालाला किंमत राहत नाही. कुणीतरी नापास हवा होता. असा, की ज्याच्यासाठी भांडायला कोणी उठणार नाही आणि ज्याच्याबद्दल गावाने मनात आधीच ठरवून टाकलंय.

काकू दोन फोटो घेऊन आल्या. थोरल्याचा रुमाल लाल झाला आणि पांढरा झाला. धाकट्याचा लाल झाला आणि लालच राहिला. काकूंनी प्रार्थना केली, पुन्हा केली, दम लागून खाली बसेपर्यंत केली. निकालवाल्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई, याने दार आतून लावून घेतलं. तिथे आमचंही काही चालत नाही."

सभागृहाने माना हलवल्या. काकूंनी लाल रुमालाची घडी करून ती पिशवीत ठेवली.

बिजागरीच्या त्या दुपारी मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि शाळेत गेलो. काकूंची सून, थोरल्याची बायको, तिथे रसायनशास्त्र शिकवते. सगळं गाव तिला बाई म्हणतं. बाई प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होती. मी चमचा, चिमटे, बिजागरी सगळं सांगितलं, आणि जाता जाता काकू काय बोलल्या तेही. तिने नळ बंद केला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "हा रंग मी वर्षानुवर्षं याच टेबलावर बघते. फिनॉल्फ्थॅलीन. कापड त्यात भिजवून वाळवलं की पांढरंच दिसतं. चुन्याची निवळी पडली की गुलाबी. तोंडाजवळ धरून बोललं की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीला मारतो आणि रंग जातो."

"आणि धाकट्याचा?"

"त्या वेळी तो निकालवाला टेबलाखाली वाकला आणि दुसरी सुरई काढली. तिच्यात धुण्याचा सोडा असणार, चांगला घट्ट. तो फुंकरीला दाद देत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

तिने नळी उजेडात धरून बघितली. "थोरला पांढरा आला होता ना, काका. तो हात उचलायचा माझ्यावर. मध्ये धाकटा पडायचा, त्यालाही लागायचं. तरी तो रुमाल पांढरा झाला आणि मला वाटलं, मिटलं. माफ झालं त्याला, आता मीही करून टाकते. कुणी आयतं मिटवून दिलं तर कोणाला नको असतं?"

त्या दिवशी तिने तास सोडला. आम्ही दोघं काकूंच्या घरी गेलो. बाईने भिंतीवरची चौकट उतरवली, थोरल्याचा रुमाल काढला आणि सोड्याच्या पाण्यात बुडवला. रुमाल राणी रंगाचा झाला. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मग बाईने धाकट्याचा रुमाल मागितला. तो उशीखाली होता आणि कडेने फिकट व्हायलाही लागला होता. बाईने त्यावर अर्धं लिंबू पिळलं. लाली पसरायच्या ऐवजी आटली. हातात ओला, पांढरा, लिंबाचा वास येणारा रुमाल राहिला.

काकू रुमालाकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे वळल्या. "लिंबानेच सुटणार होता, तर त्या दिवशी का नाही पिळलंस?"

"आई, तो लिंबाने सुटला नाही. सोड्याने अडकलाही नव्हता. हा कापडाचा रंग आहे. त्याचा नाही."

"मग तो आहे कुठे?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी गोड सांगेल. मी असतो तर सांगितलं असतं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली. "कोणालाच नाही. त्या माणसाला तर नाहीच. पण तो इथे होता तेव्हा कसा होता, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे."

काकूंनी ओला रुमाल हातात घेतला. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी मधे पडायचा." म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं. त्या दिवसापासून बाई रात्री त्यांच्याच खोलीत झोपू लागली. डॉक्टरकडेही घेऊन गेली आणि जे काकू माझ्याशी बोलल्या होत्या ते तिथे स्पष्ट बोलायला लावलं.

पण सभागृह भरतच होतं. तेव्हा बाई एक फोटो घेऊन रांगेत बसली. मामांचा आहे, म्हणाली. रुमाल मिळाला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी निकालवाल्यांनी पाणी शिंपडलं, मामा लाल झाले. निकालवाले हळहळले, या माणसाने मापात पाप केलंय असं ओळखलंही. बाईने रुमाल ओठांजवळ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणू लागली, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस." पाढा संपेपर्यंत मामा सुटले होते.

"अपील पाढ्यावर मंजूर झालं," बाई म्हणाली. "आणि मयत दुसऱ्या रांगेत बसलेत."

मी उठून उभा राहिलो. फोटो माझा होता, तरुणपणचा, मिशांसकट. मापात पाप हा तर्क मात्र मला आजही झोंबतो.

निकालवाले म्हणाले, ही अविश्वासाची परीक्षा आहे. बाई म्हणाली, मग माझ्या घरच्या रुमालावर पाणी शिंपडा. ते म्हणाले, बाहेरचं कापड अशुद्ध असतं. तोवर बाईने टेबलाखालची सुरई काढली होती आणि भिंतीवरच्या पत्रकातून निकालवाल्यांचंच चित्र फाडून त्यांच्या एका रुमालाशेजारी ठेवलं होतं. तिने सोडा ओतला. रुमाल पेटल्यासारखा लाल झाला. "करा प्रार्थना," ती म्हणाली. निकालवाल्यांनी केली नाही. मग तिने सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, शांतपणे.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्यांदा बोलली दूधवाल्याची बायको. "बाई, माझा सुटला होता. तुमचं काय जात होतं?"

"माझाही सुटला होता," बाई म्हणाली.

पाळकसाहेब कोपऱ्यातून उठले. मेलेल्यांचा न्याय करायचं काम कोणा माणसाकडे दिलेलं नाही, हे मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं, म्हणाले. खुर्च्या भरलेल्या बघून त्यांना ते सुचलं नव्हतं. निकालवाले मागच्या दाराने गेले, बॅग घेऊन. दुसऱ्या कुठल्या गावात निकाल लावत असतील.

म्हणून सांगतो. श्रद्धा ज्याची त्याची, देव ज्याचा त्याचा. पण कोणी तुमच्या मेलेल्या माणसाचा निकाल हातात देऊ लागला, तर रुमाल आपल्या घरचा न्या, पाणी आपल्या नळाचं न्या, आणि तो टेबलाखाली वाकला की तुम्हीही वाका. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या आठवड्यात काकू दुकानात आल्या. चहावाल्याचा चमचा परत गेला होता, चिमटेही. बिजागरी त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"हिची जोडीदारीण द्या," म्हणाल्या. "धाकट्याच्या खोलीचं दार त्या दिवशी तोडावं लागलं होतं. तेव्हापासून तसंच टेकवून ठेवलंय. बसवून घेते आता."

मी दुसरी बिजागरी आणि स्क्रू कागदात बांधले आणि पैसे नकोत म्हणालो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गल्ला उघडला. त्यांनी दोन्ही बिजागऱ्यांचे पैसे काढून ठेवले, सुट्टेसुद्धा मोजून.

आता जमाखर्च मांडतो. निकालवाल्यांनी काही भरलं नाही. पाळकसाहेबांच्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या झाल्या, तेवढंच. दूधवाल्याची बायको बाईशी बोलत नाही, आणि तिच्यासारखी आणखी कितीतरी घरं. भिंतीवरचा पांढरा रुमाल गेला आणि बाईपुढे थोरला जसा होता तसा परत आला आहे, आणि त्याला माफ करायचं की नाही हे तिचं तिलाच ठरवायचं आहे. आणि उचललेल्या वस्तूची किंमत स्वतःहून मोजून देणारी, साऱ्या प्रकरणात, माझ्या दुकानातली ती चोर एकटीच.