कानाने पारखलेला कॅमेरा

फुकट मदत करणाऱ्या माणसाचा सेरवाला आधी संशय येई, मग राग. निमाकोमामा तर फुकट मदत करत होतेच, वर कुमासीपर्यंतच्या ट्रोट्रो बसचं भाडंही दोघांचं त्यांनीच भरलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

वीस वर्षं त्यांच्या चर्चमधली लग्नं, मयतं, बारशी आणि ईस्टरचं तीन दिवसांचं अधिवेशन निमाकोमामाच चित्रित करत आले होते. यंदा महिला मंडळाने ठरवलं, अधिवेशनातला बायकांचा दिवस सेरवाने टिपायचा. जमलं तर पुढची सगळी कामं तिची. अट एकच, कॅमेरा स्वतःचा हवा. दोन वर्षं कपडे शिवून तिने अडीच हजार सेडी साठवले होते. पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती. आणि जिच्यामुळे पोटावर पाय येणार, तिलाच कॅमेरा निवडून द्यायला म्हातारा एवढा उत्साहाने का निघाला होता?

सेरवा काही उगाच संशयी नव्हती. याच कुमासीच्या बाजारात तिने एकदा फोन घेतला होता, आणि घरी खोक्यातून कपडे धुण्याचा साबण निघाला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती तर आता पाणीसुद्धा फुंकत होती.

मामा तिला थेट बादूच्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, परदेशातून आलेल्या जुन्या सामानाचा उकिरडाच. मामांनी चार कॅमेरे काढायला लावले आणि एकेकाला वायर जोडून हेडफोन कानाला लावले. डोळे मिटून ऐकत बसले. शेवटी एका खरचटलेल्या काळ्या कॅमेऱ्यावर थाप मारून म्हणाले, "हा घे. बावीसशेला देईल."

"मामा, पडद्यावर बघितलंत तरी का? चित्र कसंय ते?"

"चित्र तू बघ की. डोळे तुला दिलेत देवानं."

"कॅमेरा कुणी कानानं घेतं का?"

"आमच्या चर्चसाठी कानानंच घ्यायचा, पोरी. हे बघ, इथं बाहेरचा माईक जोडायचं भोक आहे. भोक नसलेला कॅमेरा त्या भोंग्यांपुढं नेलास तर वेडा होतो."

बादू हसत म्हणाला, "ताई, मामांनी कान लावला ना? मग डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून! सेरवाने डोळे आणखीच मोठे केले. दोघांची मिलीभगत तिला स्पष्ट दिसत होती. बाजारात गिऱ्हाईक आणणाऱ्याला दुकानदार दलाली देतोच, हे शेंबडं पोरही जाणतं. तरी तिने पुरावा मिळेपर्यंत दम धरला. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडून ती मागे वळली, आणि पुरावा मिळाला. बादूने मामांच्या हातात नोटा ठेवल्या. मामांनी त्या बोटांनी चाचपल्या आणि गुपचूप खिशात घातल्या.

"विचार करते मी," ती आत येऊन म्हणाली.

"कर, पण लवकर कर," मामा म्हणाले. "असा माल दुकानात फार दिवस राहत नाही."

तिने त्यांना ट्रोट्रोत बसवून दिलं, हातही हलवला. मग ती परत फिरली आणि समोरच्या काचेच्या दुकानात शिरली. तिथं तिचा कुणी मामा नव्हता, म्हणून तिला सुरक्षित वाटलं. नवाकोरा, हातात मावेल एवढा चंदेरी कॅमेरा, सीलबंद खोक्यात, चोवीसशे सेडी. खोकं तिने दुकानातच फोडून घेतलं. साबण नव्हता. विक्रेत्याचा चेहरा टिपला तर त्याच्या नाकावरचा घामसुद्धा दिसत होता. घरी शिलाई मशीनचा आवाजही झकास आला. म्हाताऱ्याला कसं गंडवलं, या आनंदात ती चार दिवस गुणगुणत होती.

बायकांच्या दिवशी सकाळी मांडवात माणसाच्या उंचीचे भोंगे उभे होते. ढोलवाले हात मोकळे करत होते. सेरवाने थोडं टिपून परत लावून बघितलं. चित्र अप्रतिम होतं. ढोल मात्र तव्यावर मासे तळल्यासारखे चरचरत होते, आणि गाणं त्या चरचरीत कुठं गेलं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात निमाकोमामा आले. खुर्च्यांच्या पाठींना हात लावत, सावकाश. तिच्या आवाजाच्या दिशेने त्यांनी एक पुडकं पुढं केलं. ते तिच्यापासून हातभर बाजूला गेलं.

"हा माईक. त्याच दिवशी बादूकडनं घेतला. त्याच्याकडं कॅमेरा घेणार म्हणून अर्ध्यात दिला, उरलेल्या नोटाही मोजून परत केल्या. तुला आज द्यायचा म्हणून बोललो नाही."

सेरवाने पुडकं घेतलं.

"डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, पोरी. चार महिने झाले, पडदा दिसत नाही. मंडळाला तुझं नाव मीच सुचवलं. आण, जोडून देतो."

नाही कसं म्हणणार? तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. अंगठा एका बाजूने फिरला, दुसऱ्या बाजूने फिरला, खालून फिरला. हा बादूचा नाही, हे त्यांना केव्हाच कळलं असणार. तरी ते माईकचं भोक शोधत राहिले. सेरवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंचावर बायकांचं पहिलं गाणं सुरू झालं. मामांनी माईक न जोडताच कॅमेरा तिला परत दिला.

"चित्र कसं येतंय?"

"सुंदर," ती म्हणाली. ते खरं होतं.

"मग मला जरा ऐकव," मामा म्हणाले, आणि सवयीने खिशातून हेडफोन काढून त्याची वायर त्यांनी तिच्यापुढं धरली.