भिंतीत शिरलेली थरथर

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे. तीन मजली इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम. ओतीव लोखंडाचा देह आणि पाठीवर हिरवा रंग घेऊन मी कारखान्यातून निघालो, तेव्हा तपासनिसाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटले होते, "हा अगदी शांत स्वभावाचा आहे." पुढे बरीच वर्षे असे कौतुक काही वाट्याला आले नाही.

मला इथे बसवले ते पानेमामांनी. हातात पाना नसलेले पानेमामा कुणी पाहिलेच नाहीत. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही दुखण्यावर त्यांचे औषध एकच: आवळा! टाकीकडे जाणारा पाइप माझ्या तोंडापासून दोन बोटे बाजूला आला होता. तो नीट कापून जोडायचा सोडून मामांनी बोल्ट आवळत आवळत त्याला माझ्याकडे ओढले. तेव्हापासून माझी मान अवघडली आणि मी थरथरू लागलो. मामांनी मला चौथऱ्याला आणखी आवळले. मग पाइप थरथरू लागला, म्हणून त्यालाही लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडले. थरथर काही गेली नाही, ती भिंतीत शिरली. मामा मात्र हात झटकून घरी गेले.

रोज सकाळी नऊ ते अकरा मी टाकी भरायचो. वरच्यांना माझी आठवण यायची ती फक्त नळ कोरडा पडला की. त्याचे मला वाईट वाटत नसे. वाईट वाटले ते पहिल्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांचे.

मोहरीएवढी चाके चिमट्याने बसवण्यात आजोबांचा हातखंडा होता. गेल्या वर्षी नजर मंदावली, म्हणून त्यांनी टेबल उजेडासाठी खिडकीशी ओढले आणि नेमके माझा पाइप जातो त्याच भिंतीला टेकवले. सकाळच्या उन्हात ते कामाला बसत आणि त्याच वेळी खाली मी सुरू होई. चाके चिमट्यातून निसटू लागली. आजोबांना वाटले, आपलेच हात कापतात. महिनोन्महिने ते गुपचूप बोटे चोळत राहिले. शेवटी एके दिवशी त्यांनी सुनेला सांगून टाकले, "हात गेले माझे. आता घड्याळं बंद."

सूनबाई गिरणीत यंत्रे बसवण्याचे काम करत. त्यांनी आजोबांना हात टेबलावरून उचलून हवेत धरायला लावला, तर तो स्थिर राहिला; मग त्यांनी स्वतःचा तळवा भिंतीला लावला.

"बाबा, तुमचा हात नाही, ही भिंत कापतेय."

"म्हाताऱ्याची समजूत काढू नकोस. हवं तर पंप नीट करून बघ. तरी चाक निसटलं, तर हत्यारं गुंडाळून ठेवणार मी."

सूनबाईंनी पानेमामांना बोलावून घेतले आणि खाली येऊन हे सारे त्यांना सांगितले, तेव्हा मी शरमेने गारठलो. माझ्यामुळे एका कारागिराचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता!

मग दोघे कामाला लागले. पाइप सरळ करून घेतला, तशी माझी मान मोकळी झाली. माझ्या पायाखाली जाड रबर आले. भिंतीवरच्या पट्ट्यांच्या आतही रबर बसले. माझ्या आणि पाइपाच्या मध्ये फुगीर रबरी जोड लागला. सूनबाई हात धुवायला गेल्या, परत आल्या आणि त्यांनी बटण दाबले.

वरून आजोबांचा आवाज आला, "निसटलं गं!" आणि मग हत्यारांची पेटी बंद केल्याचा आवाज.

सूनबाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला. रबरी जोडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी पट्टी घट्ट आवळलेली होती.

"मामा, हे काय?"

"जोड लिबलिबीत वाटला मला. म्हटलं, आधार द्यावा."

"अहो, त्याला हलायचंच आहे! तो हलला तरच पुढचा पाइप शांत राहील."

मामा ओशाळले. जित्याची खोड म्हणतात ती अशी! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक पट्टी सोडवली आणि खिशात घातली. सूनबाईंनी वर हाक दिली, "बाबा, पेटी उघडा, एकदाच!" आणि मला पुन्हा सुरू केले. मी जीव मुठीत धरून फिरत होतो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. वर चिडीचूप.

मग खिडकीतून आजोबा ओरडले, "पंप सुरू करताय की नाही? माझी दोन चाकं बसवूनसुद्धा झाली!"

"बाबा, तो कधीचा चालू आहे!" सूनबाई ओरडल्या आणि पायरीवर बसून हसता हसता रडू लागल्या. मामांनी पाना खाली ठेवला. आणि मी? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, मित्रांनो. इतके हलके मला कारखान्यातसुद्धा वाटले नव्हते.

आता एकच विनंती. माझ्या पायाखालचे रबर कडक होईल, तेव्हा ते वेळेवर बदला. आणि पंप असो की आजोबा, कुणी थरथरताना दिसले तर लगेच निकामी ठरवू नका. आधी त्याला कुठे जखडले आहे ते बघा.