हातांना आठवतं तेवढं

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरू लागलं असेल, तर या जुन्या हातमागाचं थोडं ऐकून घ्या.

आसामात ब्रह्मपुत्रेकाठच्या एका पडवीत मी उभा आहे. पुनेश्वरी सून म्हणून आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी मला घडवलं. तिच्याच पायांनी माझ्या पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्या, झिजल्या. बिहूच्या सणाआधी ती घरातल्या प्रत्येकासाठी गामोसा, म्हणजे खांद्यावर घ्यायचं उपरणं, विणायची. पांढरंशुभ्र कापड आणि टोकाला लाल फुलं. ज्याचा गामोसा, त्याच्याविषयी पुटपुटत राहायची. "बिपुलला लांब हवा, ताडमाड वाढलाय मेला!"

पुढे ती विसरू लागली. चहात मीठ पडू लागलं, मग नावं गेली. गेल्या बिहूला मुलगा बिपुल शहरातून आला, तर म्हणाली, "बसा बाबा, कुणाकडे आलात?" बिपुल तोंड फिरवून रडला.

शेजारच्या हेमलताकाकींनी त्याची समजूत घातली. "अरे, नावांची आठवण डोक्यात असते, ती उडते. हातांची हाडात मुरते, ती कुठं जात नाही. बसव तिला मागावर."

तिला बसवलं आणि खरंच सुताचा धोटा इकडून तिकडे सरसर पळू लागला! बायका बघायला आल्या. मीही फुशारलो. पण घात तिथंच झाला. आईंचे हात शाबूत आहेत म्हणून सगळे निर्धास्त झाले. घरी तिला सांभाळणारी सून निरुपमा तिला सकाळी बसवायची आणि जेवायला उठवायची. मधे कुणी चकार शब्द बोलायचं नाही. तिचं पुटपुटणंही थांबलं. मला फार वाईट वाटायचं.

यंदा बिहू तोंडावर आला, तशी निरुपमा गामोसे कापायला आली. गुंडाळीवर नुसतंच पांढरं कापड चढलेलं, फूल एकही नाही.

"अगं बाई! आई, फुलं कुठायत? कुणासाठी विणताय हे?"

पुनेश्वरीचा हात थांबला. "तेच तर गं. रोज वाटतं, कुणीतरी येऊन सांगेल. कुणी येतच नाही."

निरुपमा तिच्या शेजारी टेकली. एकेकाचं नाव सांगत तिनं लाल सूत तिच्या हातात दिलं. पुनेश्वरीनं ते बोटांभोवती गुंडाळलं, सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. फुलं आता हातांनाही आठवेनात.

मित्रांनो, डोक्याची आठवण, हातांची आठवण, हे कप्पे माणसांनी पाडले. माझ्यावर बसून ती विणायची तेव्हा दोन्ही एकच होत्या. कुणाचे हात चालतात म्हणून त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, बोला.

ते पांढरं कापड अजून माझ्यावरच आहे. कापायला कुणी धजत नाही.